बेटावरची केळी आणि डोंगरावरचा मध

एका रुंद नदीच्या मधोमध एक बेट होते आणि त्या बेटावर वानरांची एक टोळी राहत असे. बेटावर केळी होती. दुसरे काही नव्हतेच म्हटले तरी चालेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत केळीच केळी, आणि मधूनच एखादा बसायला बरा असा खडक. वानरांच्या टोळीतल्या मुख्य नराला हुप्प्या म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता झाले. या बेटाचा हुप्प्या अंगाने धिप्पाड, मनाने प्रेमळ आणि बोलण्यात मोठा रुबाबदार होता. त्याच्यात खोट अशी एकच होती. त्याला आपल्या आजोबांचा फार अभिमान होता. आजोबांचा अभिमान असणे वाईट नाही, मुलांनो. मलाही माझ्या आजोबांचा आहे. पण म्हणून मी त्यांचा फेटा बांधून भाजी आणायला जात नाही.

या आजोबांनी केले काय होते? नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला, तीन दिवसांच्या वाटेवर, मधाचा एक डोंगर होता. त्याच्या कड्याकड्याला मधाची पोळी लोंबत. तिथे अस्वले राहत. आजोबा एके दिवशी तराफ्यांवर चाळीस वानर घेऊन तिथे उतरले, सगळ्यांत उंच कड्यावर चढले आणि म्हणाले, "हा डोंगर आजपासून आमचा." अस्वलांना कुणी काही विचारले नाही. मग पुष्कळ वर्षे असे चालले की अस्वलांनी मध काढायचा, वानरांनी तो बेटावर न्यायचा आणि बदल्यात वानर देतील तेवढी केळी अस्वलांनी गुपचूप घ्यायची.

शेवटी एका वर्षी सगळी अस्वले डोंगराच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "आम्ही पोळ्याला हात लावणार नाही. डोंगर तुमचा ना? मग काढा तुम्हीच." वानरांनी काढून पाहिला. आठ दिवसांनी आजोबा सुजलेल्या नाकाने त्याच उंच कड्यावर उभे राहिले आणि मोठ्या मनाने अस्वलांचा डोंगर अस्वलांना परत देत असल्याचे त्यांनी जाहीर केले. बेटावर ही गोष्ट अजून सांगतात. तिच्यात मोठे मन येते, सुजलेले नाक येत नाही.

सत्ता गेली, तरी व्यवहार चालू राहिला. दरवर्षी थंडी सरली की बेटावरून केळ्यांचा तराफा जाई आणि मधाने भरलेले भोपळ्याचे तुंबे घेऊन परत येई. तराफा ओढण्याचे काम एका म्हाताऱ्या कासवाकडे आणि त्याच्या भाऊबंदांकडे होते. परत आल्यावर हे म्हातारे कासव घाटावरच्या दगडावर आपली पाठ तीनदा आपटी आणि ओरडे, "मधाच्या डोंगराचा बेटाला मुजरा!" वरच्या खडकावर बसलेला हुप्प्या मान किंचित हलवून तो मुजरा घेई. त्या एका क्षणासाठी तो वर्षभर जगत असे, असे त्याची वानरीण म्हणे. ती तोंडाची जरा फटकळ होती, पण खोटे बोलत नसे.

आता या बेटाला शेजारी नव्हते का? होते तर! उजव्या काठावर, पोहत गेले तर घटकाभराच्या अंतरावर, एक रानडुक्कर आपल्या मोठ्या गोतावळ्यासह राहत होते. त्यांच्याकडे कंद इतके की जमिनीला नाक लावावे आणि कंद निघावा. डाव्या काठावर एक खार आणि तिची शंभरेक नातलग मंडळी होती. त्यांच्या ढोलीढोलीत शेंगा, चारोळ्या आणि जंगलातले नाना प्रकारचे दाणे भरलेले असत. पण बेटाचे आणि या दोघांचे मुळीच जमत नव्हते.

याचे कारणही आजोबाच. हुप्प्याचे आजोबा आणि रानडुकराचे आजोबा यांचे एकदा नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावरून भांडण झाले. वाळूचा तो पट्टा पुढच्याच पावसात वाहून गेला, पण भांडण राहिले. वानरांनी आपल्या घाटावर जकात बसवली : दहा कंद आणाल तर चार इथे ठेवून जा. डुकरांनी लगेच आपल्या घाटावर बसवली : दहा केळी आणाल तर पाच ठेवा. मग वानरांनी सहा केली, डुकरांनी सात. खारींनीही मागे कशाला राहावे म्हणून दोन्हीकडच्या मालाला आठ लावली. शेवटी माल नेणाऱ्याच्या हाती काही उरेनासे झाले, आणि कुणी कुणाच्या काठावर जाईनासे झाले. जकात घेणारे मात्र तिन्ही घाटांवर रोज इमानाने बसत. बसून बसून त्यांना झोप लागे.

एके दिवशी मात्र नवल घडले. रानडुक्कर आणि खार, दोघेही एकाच ओंडक्यावर बसून बेटाकडे आले. खार बोलण्यात चटपटीत होती, म्हणून तिने सुरुवात केली.

"हुप्प्याराव, आम्ही दोघांनी जकात काढून टाकली," ती म्हणाली. "उजव्या काठावर जो मोठा उंबर आहे ना, त्याच्याखाली सगळ्यांचा मिळून एक बाजार भरवायचा, असं ठरलंय. कंद इकडून तिकडे, दाणे तिकडून इकडे. कुणी कुणाला अडवायचं नाही. तुम्ही आलात की तिघं होऊ."

"अटी काय?" हुप्प्याने खडकावरूनच विचारले.

"अटी दोन," रानडुक्कर म्हणाले. त्याचा आवाज जाड होता आणि शब्द मोजके. "एक, बाहेरून माल आला तर तिन्ही घाटांवर सारखीच जकात. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने अडवायचं, असं नको. दोन, नियम सगळ्यांनी मिळून करायचे आणि बसायचं सगळ्यांनी खाली, जमिनीवर."

हुप्प्याचा चेहरा उतरला. जमिनीवर बसण्याचे त्याने एक वेळ सोसले असते. पण पहिली अट त्याच्या वर्मी लागली.

"म्हणजे मधाच्या डोंगरावरून आलेल्या मधावर मी जकात लावायची? परक्यासारखी?"

"फार नाही लावायची," खार म्हणाली. "थोडीशीच. पण सगळ्यांना लावू तेवढी."

"ते सगळ्यांसारखे नाहीत!" हुप्प्या खडकावर ताडकन उभा राहिला. "ती आमची माणसं आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे. त्यांच्या चाळीस पोळ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. दरवर्षी मुजरा येतो, मुजरा! दोन कंदांसाठी मी जुनी माणसं तोडू?"

रानडुकराने एक सुस्कारा सोडला. "बरं. पौर्णिमेला अजून बारा दिवस आहेत," ते म्हणाले. "तोवर ठरवा. पौर्णिमेला बाजार सुरू होणार. मात्र टोळीच्या हुप्प्याने स्वतः येऊन शब्द द्यायचा, निरोप चालणार नाही." आणि दोघे आले तसे ओंडक्यावर बसून गेले.

वानरीण मागे बसून पिल्लाच्या डोक्यातल्या उवा काढीत होती. ती म्हणाली, "अहो, ती जुनी माणसं एवढी आपली, तर त्यांच्याकडे काही कार्य निघालं की तुम्हाला बोलावणं कसं येत नाही?"

"लांब पडतं त्यांना," हुप्प्या म्हणाला.

"तेच म्हणते मी," वानरीण म्हणाली आणि पुन्हा उवांकडे वळली.

चार दिवसांनी कासवांचा तराफा परत आला. खडकावर बसून हुप्प्याने पाहिले तर तराफा पाण्यावर अगदी हलका तरंगत होता. त्यावर एकही तुंबा नव्हता. म्हाताऱ्या कासवाने दगडावर तीनदा पाठ आपटली आणि ते ओरडले, "मधाच्या डोंगराचा बेटाला मुजरा! केळी पोचली. यापुढं मध पाठवायला जमणार नाही. राग मानू नये. कधी येणं झालं तर जरूर यावं."

सगळी टोळी हवालदिल झाली, आणि मुलांनो, त्यात नवल नव्हते. बेटाचा उन्हाळा फार कडक असे. हा बहर संपला की पुढचे दोन महिने केळीला एक घड लागत नसे. ते दोन महिने टोळी कोवळ्या पाल्यावर काढी, आणि अंगावर पिणाऱ्या पिल्लांच्या आया पाल्याबरोबर मध चाटत. त्या मधावरच त्यांना दूध येई. या वर्षी बेटावर तीस पिल्ले होती.

हुप्प्या रिकाम्या तराफ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "पण मुजरा तर पाठवला आहे ना!" तो म्हणाला. "म्हणजे प्रेम आहे. मध्येच कुणीतरी कान भरले असणार. मी स्वतः जातो. मला समोर पाहिलं की विरघळतील. पिकायला आलेले सगळे घड तराफ्यावर चढवा. या वेळी त्यांना अशी केळी देतो की ती बोटं चाटत राहतील!"

"आणि पौर्णिमेचं काय?" वानरिणीने विचारले. "समोर बाजार भरतोय. दाणे आहेत, कंद आहेत. आपली तीस पिल्लं आहेत, अहो."

"मी आहे ना," हुप्प्या म्हणाला. त्याला खरेच तसे वाटत होते. पिल्लांवर त्याचा जीव होता, त्याबद्दल मला मुळीच शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटाच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा तराफा निघाला. केळीच्या खुंटांचा, वेलींनी करकचून बांधलेला, आणि वर पिवळ्या घडांचा ढीग. ढिगाच्या टोकावर हुप्प्या शेपटी उभारून बसला होता. पहिला दिवस मजेत गेला. काठावरची माकडे, बगळे, मोर सगळे टकामका बघत होते आणि हुप्प्या त्यांना हात हलवून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या लक्षात आले की केळ्यांवर बारीक बारीक ठिपके पडले आहेत. ऊन कडक होते, त्यात तराफ्यावर सावली नव्हती. संध्याकाळपर्यंत ठिपक्यांचे डाग झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी हुप्प्याने घडावर हात ठेवला तर हात आत गेला. सगळा ढीग काळा पडला होता, त्यातून चिकट पाणी गळत होते आणि भोवती माश्या घोंगावत होत्या.

"अरे देवा!" हुप्प्या किंचाळला. "कासवदादा, हे काय झालं?"

"काय झालं?" कासवाने पाण्यातून मान वर काढून विचारले.

"केळी! केळी नासली!"

"हो," कासव म्हणाले. "दुसऱ्या दिवशी नासतातच."

"म्हणजे? दरवर्षी?"

"दरवर्षी."

"तुमच्या वडिलांच्या वेळीसुद्धा?"

"त्यांच्या वडिलांच्या वेळीसुद्धा."

हुप्प्याने कपाळावर हात मारून घेतला. "मग हे कधी बोलला का नाहीत?"

"मला ओढायला सांगितलं होतं, सरकार," कासव शांतपणे म्हणाले. "केळी कशी आहेत, असं कुणी विचारलंच नाही." आणि त्याने मान पुन्हा पाण्यात घातली.

दुपारी तराफा मधाच्या डोंगराला लागला. हुप्प्याने अंगावरच्या माश्या हाकलल्या, छाती पुढे काढली आणि मुजऱ्याची वाट बघत तो उभा राहिला. मुजरा काही आला नाही. घाटावरून एक जाडजूड, हसतमुख अस्वलीण लगबगीने खाली आली. डोंगराचा कारभार तीच बघत असे.

"अगंबाई, बेटाचे पाहुणे!" ती म्हणाली. "या, या. केवढ्या उन्हाचे आलात! आधी हातपाय धुवा आणि सावलीत बसा. पाणी आणते."

हुप्प्या गोंधळला. आदर तर होता, पण तो ओळखत असलेल्या आदरासारखा नव्हता. तो सावलीत जाऊन बसला आणि पाहतो तर काय, डोंगराच्या पायथ्याशी बाजार भरलेला! साळिंदरे ताजी कंदमुळे घेऊन बसली होती, हरणे आवळे आणि बोरे विकत होती, पलीकडच्या खोऱ्यातल्या मोरांनी कुठलेसे टपोरे धान्य आणले होते. आणि मधोमध मधाचे तुंबे, ओळीने. जो तो येत होता, आपला माल ठेवत होता आणि मध घेऊन जात होता. सगळीकडे नुसता गलका होता.

"दोन वर्षं झाली," अस्वलिणीने पाण्याचा द्रोण त्याच्यापुढे ठेवत सांगितले. "आधी आमचंही या सगळ्यांशी वाकडंच होतं. साळिंदरांशी तर तीन पिढ्यांचं. पण म्हटलं, सकाळी निघालेला माल दुपारी घरात येतो, तो सोडून किती दिवस लांब बघत राहायचं? आता आमचा मध इथेच संपतो. म्हणून तुम्हाला जमणार नाही असं कळवलं."

"म्हणजे तुम्ही आम्हाला तोडलंत," हुप्प्या म्हणाला.

"तोडलं कुठे? जेवायला बसा म्हणते आहे ना!"

"आणि आमची केळी?"

अस्वलीण थोडी अवघडली. तिने इकडेतिकडे पाहिले. मग ती म्हणाली, "आता विचारलंच आहे तर सांगते. तुमची केळी आम्ही पुरतो."

"काय?"

"खड्डा करून पुरतो. माझी आईही तेच करायची. काळी पडलेली असतात हो! पण जुनी ओळख, तोंडावर कसं सांगायचं? तुम्ही एवढ्या लांबून पाठवता. म्हणून घ्यायची, पुरायची आणि मध भरून द्यायचा."

"पण मग मुजरा? तो तर तुम्ही मनापासून पाठवता ना?"

"कसला मुजरा?" अस्वलिणीने विचारले.

दोघांनीही घाटाकडे पाहिले. म्हातारे कासव उन्हात अंग शेकत पडले होते.

"ते होय," कासव म्हणाले. "तुमच्या आजोबांनी माझ्या आजोबांना सांगितलं होतं की परत आल्यावर तीनदा पाठ आपटायची आणि असं असं ओरडायचं. पुढं बंद करा असं कुणी म्हटलं नाही."

अस्वलीण हसू लागली. ती इतकी हसली की बाजारातली हरणे वळून बघू लागली. हसता हसता तिचे लक्ष हुप्प्याच्या चेहऱ्याकडे गेले आणि ती थांबली. बिचारा एकदम लहान दिसत होता. ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"हे बघा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या आजोबांचा आम्हाला राग होता. खूप होता. माझ्या आईने मरेपर्यंत केळं तोंडाला लावलं नाही. माझा राग गेला. तुम्ही काही तुमचे आजोबा नाही आणि तुम्ही माझं काही वाईट केलेलं नाही. पण राग गेला म्हणून काळं केळं गोड लागत नाही हो."

हुप्प्या खाली मान घालून बसून राहिला. आणि मग, का कोण जाणे, त्याने आजवर कुणाला सांगितले नव्हते ते या अस्वलिणीला सांगितले. तीस पिल्ले आहेत, दोन महिने उन्हाळा आहे, बेटावर दुसरे काही नाही आणि मी घाबरलो आहे, असे सगळे.

अस्वलिणीने ऐकून घेतले. "तुमच्या शेजारी कोण राहतं?" तिने विचारले.

"एका काठावर रानडुक्कर, दुसऱ्या काठावर खार."

"त्यांना काय आवडतं?"

या डोंगरावरच्या चाळीस पोळ्यांची नावे हुप्प्याला झोपेतून उठवले तरी सांगता आली असती. पण घटकाभराच्या अंतरावर राहणाऱ्या रानडुकराला काय आवडते, ते त्याला माहीत नव्हते.

"तेवढं विचारून या," अस्वलीण म्हणाली. निघताना तिने दोन तुंबे भरून मध तराफ्यावर ठेवला. "हा बाजारातला नाही. पिल्लांसाठी आहे. आणि इकडे येत जा अधूनमधून. केळी नका आणू, तुम्ही या."

प्रवाहाच्या उलट दिशेने परतायला पाच दिवस लागले. भल्या सकाळी बेटाला लागल्यावर म्हाताऱ्या कासवाने दगडावर पाठ टेकली, आणि ते हुप्प्याकडे बघत थांबले. "राहू द्या," हुप्प्या म्हणाला. "पाठ दुखत असेल तुमची." कासव म्हणाले, "फार वर्षं दुखतेय, सरकार," आणि समाधानाने पाण्यात गेले.

वानरीण घाटावर उभी होती. हुप्प्याने तिला सगळे सांगितले, नाकाच्या गोष्टीसकट, कारण अस्वलिणीने निघताना तीही त्याला ऐकवली होती. वानरिणीला पुष्कळ बोलता आले असते. ती एवढेच म्हणाली, "पौर्णिमा कालच झाली. मागचे घड पिकू लागले आहेत, चार दिवसांत सगळे नासतील. मीच गेले असते, पण त्यांना शब्द हुप्प्याचाच हवा आहे."

हुप्प्याला वर खडकावर जाऊन जरा बसावेसे वाटले. पण त्याने एक पिवळा धमक घड पाठीवर घेतला आणि पाण्यात उडी मारली. टोळीतले काही वानर त्याच्या मागोमाग पोहत निघाले.

उंबराखाली बाजार भरात होता. डुकरे, खारी, त्यांची पोरेबाळे, सगळा कालवा. हुप्प्याला पाहताच सगळे वळून बघू लागले. तो ओल्या अंगाने मधोमध आला आणि जमिनीवर बसला. इतका मोठा हुप्प्या जमिनीवर बसलेला कुणी पाहिला नव्हता.

"मला उशीर झाला," तो म्हणाला. "चूक माझी आहे. बेटावर तीस पिल्लं आहेत आणि त्यांना उन्हाळाभर खायला नाही. अटी मला मान्य आहेत. मधावर जकात लावतो, सगळ्यांना असेल तेवढी. आम्हाला घ्या."

खारीने शेपटी फुलवली. "आता नियम ठरून गेलेत हं," ती म्हणाली. "बाजार उजाडताच उघडतो आणि ऊन चढायच्या आत बंद होतो. वानरांना पहाटे उठवत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही आधी आला असतात तर तुमचंही मत घेतलं असतं. आता काही बदलायचं तर पुढच्या वर्षी."

"उठू," हुप्प्या म्हणाला. मागून कुठूनतरी एक वानर कण्हल्यासारखे वाटले, पण हुप्प्याने तिकडे लक्ष दिले नाही. तो रानडुकराकडे वळला. "एक विचारायचं होतं. तुम्हाला काय आवडतं?"

रानडुक्कर दचकले. असा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नव्हता. ते थोडे लाजलेही, आणि एवढे मोठे रानडुक्कर लाजते तेव्हा ते बघण्यासारखे असते.

"वारा बेटाकडून सुटला की," ते म्हणाले, "केळ्यांचा वास येतो. लहान होतो तेव्हापासून येतो. आई म्हणायची, तिकडं बघू नको, ते आपलं नाही. पण मी काठावर बसून बघायचो. घड हिरवे असतात, मग पिवळे होतात, मग तराफ्यावर चढतात आणि लांब जातात. मला वाटायचं, तिकडच्यांना केवढं आवडत असेल!"

हुप्प्याने पाठीवरचा घड सोडला, त्यातले सगळ्यांत चांगले केळे तोडले आणि रानडुकरापुढे ठेवले.

रानडुकराने ते वास घेऊन पाहिले. मग डोळे मिटले, केळे सालासकट तोंडात घातले आणि सावकाश चावू लागले. सगळा बाजार त्याच्याकडे बघत होता.

"छान आहे," ते म्हणाले. "जरा चिवट आहे, पण छान आहे."

खारीची पोरे खुदकन हसली. एरवी हुप्प्याही हसला असता. पण त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. आयुष्यभर शेजारी राहिलेल्या या रानडुकराला केळे सोलून खायचे असते हेही ठाऊक नव्हते, कारण ते सांगायला कुणी घटकाभर पोहून आले नव्हते. हुप्प्याने दुसरे केळे घेतले, आपल्या हातांनी सोलले आणि त्याच्या तोंडापाशी धरले.

"आता खा," तो म्हणाला.

रानडुकराने खाल्ले. मग ते घाटाकडे तोंड करून आपल्या जाड आवाजात ओरडले, "अरे, बेटावर कंद पोचवा! आधी पिल्लांच्या आयांना!" आणि वीस डुकरे एकदम पाण्यात पडली.

तात्पर्य : एके काळी ज्यांच्यावर हुकूम चालवला, त्यांच्याशी मैत्री जरूर ठेवावी, पण ते अजून आपलेच आहेत अशा समजुतीत राहू नये, आणि रोजच्या देवाणघेवाणीसाठी आधी आपल्या शेजाऱ्याला काय हवे आहे, ते त्याच्याकडे जाऊन विचारावे.